दोन हजारांची चूक, ब्याऐंशी हजारांचा भुर्दंड: तुमचेही अनुभव लिहा

म्हसरूळची_सून

गेल्या महिन्यात आमच्या डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं आणि त्यापायी ८२,४०० रुपये गेले. तीन आठवडे मी आणि नवरा सोडून घरात कुणालाच खरा आकडा माहीत नव्हता. परवा धीर करून मोठ्या दिरांना सांगितलं, तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझंही असंच झालं होतं. चार वर्षं झाली." त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा जेवता जेवता नुसतं बोलून गेले असते, तरी पेट्रोल पडलं तर गाडी सुरू करायची नाही एवढं मला कळलं असतं. म्हणून हा धागा काढते आहे.

झालं असं. रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन वणीच्या गडावर निघाले होते. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी मी चालवत होते. एरवी माझ्याकडे स्कूटर असते. पंपावर नुसता पैशाचा आकडा सांगायचा, इंधनाचं नाव घ्यायचं नाही, ही त्यातूनच लागलेली सवय. दिंडोरी रोडच्या एका पंपावर "दोन हजाराचं टाका" म्हटलं आणि सासूबाईंना पाण्याची बाटली काढून द्यायला मागे वळले. पावती हातात आली तेव्हा त्यावर पेट्रोल लिहिलेलं. जवळजवळ एकोणीस लिटर. त्या मुलाला म्हटलं, अरे, ही डिझेल गाडी आहे. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "ताई, वरून थोडं डिझेल टाकतो, मिक्स होऊन जाईल, काही होत नाही." मागे हॉर्न वाजत होते, सासूबाई विचारत होत्या काय झालं. मी त्याचं ऐकलं. खरं सांगते, मला तेच ऐकायचं होतं.

ढकांब्याच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली आणि चढावर बंद पडली. टो करून परत नाशिकला. हाय प्रेशर पंप, चार इंजेक्टर, फिल्टर, टाकी आणि सगळी लाइन धुणं. मिस्त्रींनी जुना पंप उघडून दाखवला, आतल्या तेलात चंदेरी पूड तरंगत होती. ते म्हणाले, इंजिन सुरूच केलं नसतं तर टाकी उपसून साडेतीन-चार हजारांत भागलं असतं. विमा कंपनीने सांगितलं, हा अपघात धरत नाही.

म्हणजे चूक पंपावर झाली, पण पैसे गेले ते पुढच्या अकरा किलोमीटरमध्ये. हे मला फार लागलं आहे. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर लिहा, आकड्यासकट लिहा. दुकानाचं, कंपनीचं, माणसाचं नाव मात्र नको.

अंबडचा_मिस्त्री

ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. माझ्याकडे वर्षाला अशा सहा-सात गाड्या येतात, आणि त्यातली एखादीच पंपावरून ढकलत बाजूला घेतलेली असते. बाकी सगळ्या चालवून आणलेल्या.

कारण समजून घ्या. डिझेल हे नुसतं इंधन नाही, पंपाला आणि इंजेक्टरला तेच वंगण घालतं. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं. मग लोखंडावर लोखंड घासतं, त्याचा कीस होतो आणि तो कीस इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो. वरून डिझेल टाकल्याने काही फरक पडत नाही.

अजून एक. चावी नुसती 'ऑन'ला नेली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला छोटा पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. त्यामुळे काच वर घ्यायलासुद्धा चावी फिरवू नका. न्यूट्रल करा, चार माणसं बोलवा, गाडी बाजूला ढकला. पंपाच्या मॅनेजरला खाली बोलवा, पावतीचा फोटो काढा आणि टाकी तिथेच किंवा टो करून गॅरेजला नेऊन उपसा. मागचे हॉर्न वाजू द्या.

पेट्रोल गाडीत डिझेल पडलं तर नुकसान त्यामानाने कमी असतं, पण तेव्हाही सुरू करायची नाहीच. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात 'डिझेल' लिहिलेलं स्टिकर लावून घ्या. दहा रुपयांचं काम आहे.

कॉलेजरोड_००७

+१. पावती न बघता खिशात घालायची सवय आजपासून बंद.

गोदाकाठचा

गाडीचाच विषय निघाला म्हणून लिहितो. २०१९ चा ऑगस्ट. शनिवारी रात्री पंचवटीत मामांकडे मुक्काम होता. गाडी घाटाजवळच्या मोकळ्या जागेत लावली, नेहमी लावायचो तिथेच. आम्ही जुने नाशिककर, पूर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजणारे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं मामा रात्रीही सांगत होते. पाणी वाढलं की उठून गाडी काढू, असं मनात होतं. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काठाला पाणी चढायला फार वेळ लागत नाही, आणि पहाटे झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. सकाळी गेलो तर गाडीच्या सीटपर्यंत पाणी.

इथपर्यंत नुकसान किती, तर सीट, गालिचे, थोडं वायरिंग, ऑइल बदलणं. विम्यात पूर धरलेला असतो, हे सगळं मिळालं असतं. पाणी उतरल्यावर सोमवारी मी आणि भाच्याने गाडी पुसली, दारं उघडून उन्हात ठेवली, हेअर ड्रायर फिरवला. आणि मग मी स्टार्टर मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आतून 'ठक्' असा आवाज आला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला.

सर्व्हेअरने दोन भाग केले. पुराने जे भिजलं त्याचे पैसे मंजूर. इंजिन नामंजूर, कारण ते पुराने गेलं नाही, पाणी शिरलेलं असताना सुरू केल्याने गेलं. इंजिनासाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं आणि ते माझ्या पॉलिसीत नव्हतं. हप्त्यात त्याचा फरक हजार-दीड हजारांचा असता. इंजिनाचा खर्च १,३६,००० आला. महिनाभर मी घरी 'विम्यातून होतंय' असंच सांगत राहिलो.

पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा आणि हात बांधून बसा. टोवाला येऊ दे. पावसाळ्यात नदीकाठी गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असतो.

जेलरोडची_आई

माझं प्रकरण अजून चालू आहे, म्हणून सल्लाही हवा आहे. मुलीच्या क्लासची फी १५,००० फोनवरून पाठवायची होती. सरांनी नंबर सांगितला, मी टाइप केला आणि शेवटचे दोन आकडे उलटे झाले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं. ते आलंही होतं. मी ते पाहिलं, पण वाचलं नाही. घाईत नव्हते, कुकरची शिट्टी मोजत होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, फी आली नाही. मग कळलं. त्या नंबरला फोन केला, कुणी उचलला नाही. मेसेज केला, वाचला गेला, उत्तर नाही. मी तीन दिवस वाट पाहिली, की तो माणूस आपण होऊन परत करेल. मिस्टरांना सांगायची भीती वाटत होती हे खरं कारण. चौथ्या दिवशी बँकेत गेले. बँकेने अर्ज घेतला आहे. पुढे काय करायचं?

पाथर्डीफाटा

ताबडतोब १९३० ला फोन करा!

वकील_सीबीएस

पाथर्डीफाटा, तुमचा हेतू चांगला आहे, पण १९३० ही सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. इथे कुणी फसवलेलं नाही, पैसे स्वतः चुकीच्या खात्यात पाठवले आहेत. मार्ग वेगळा आहे.

जेलरोडची_आई, अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तिथूनच तक्रार नोंदवा. बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून ठेवा, बँकेला तोच लागतो. बँकेच्या अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या संकेतस्थळावरही तक्रारीची सोय आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून पैसे काढून देऊ शकत नाही. पण आपले नसलेले पैसे कळूनसवरून ठेवून घेणं हाही गुन्हा ठरू शकतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये अप्रामाणिकपणे मालमत्ता वापरण्याबद्दल तरतूद आहे. बँकेमार्फत निरोप गेला की बरेच लोक परत करतात. आणि मिस्टरांना आजच सांगा. हा कायदेशीर सल्ला नाही, पण सांगा.

प्रेसमधून_निवृत्त

१९३० चा विषय निघाला तर माझा अनुभव लिहितो. रात्री साडेआठला मेसेज आला की मागील महिन्याचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला पुरवठा खंडित होईल, या अधिकाऱ्याला फोन करा. सौ. आजारी, घरात ऑक्सिजनचं मशीन. वीज जाईल या विचारानेच माझे हातपाय गळाले. फोन केला. त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि दहा रुपये भरून बघा म्हणाला. पाच मिनिटांत ४९,००० आणि २४,५०० असे दोन मेसेज आले.

माझं नशीब हे की मी ओरडलो. शेजारचा मुलगा धावत आला, त्याने माझ्या हातातून फोन घेतला, नेट बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरून १९३० लावला. पैसे जाऊन पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मग बँकेला कळवून खातं गोठवलं. ४१,००० पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले. ते मिळायला कोर्टाचा आदेश लागला आणि काही महिने गेले, पण मिळाले. उरलेले ३२,५०० गेले.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. आपल्याच निष्काळजीपणाने पिन किंवा ओटीपी गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आपली काहीच चूक नसेल आणि दोष तिसऱ्याच कुणाचा असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर काही येत नाही. म्हणजे घड्याळ आपण बोललो की थांबतं. माझ्या वयाची मंडळी आधी मुलाला पुण्याला फोन करतात, मुलगा मीटिंगमध्ये असतो, सकाळ होते. आधी १९३०, मग मुलगा.

तटस्थ_वाचक

वाचतोय. पण मला वाटतं हे सगळे प्रकार लक्ष नसल्याचे आहेत. पावती वाचली, नाव वाचलं, तर काहीच होत नाही. त्याचा एवढा धागा कशाला?

म्हसरूळची_सून

लक्ष नव्हतं हे मी पहिल्याच पोस्टमध्ये मान्य केलं आहे. पण दिवसभरात शंभर गोष्टींकडे लक्ष देणाऱ्या माणसाचं एकशे एकाव्या गोष्टीकडे लक्ष नसतं, ते कुणाचंही होईल. त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय करायचं हे माहीत असणं वेगळं, आणि ते फक्त दुसऱ्याने सांगितलं तरच कळतं. प्रेसमधून_निवृत्त काकांनी ओरडून शेजाऱ्याला बोलावलं नसतं तर ४१,००० सुद्धा गेले असते. त्यासाठी धागा.

निफाडचा_बागायतदार

शेतकऱ्याचं ऐकाल का? लांबलचक आहे.

आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग. छाटणीपासून काढणीपर्यंत पोटच्या पोरासारखी बाग जपावी लागते, ते इथे सांगत बसत नाही. त्या वर्षी माल चांगला उतरला होता, साखर चांगली भरली होती. परराज्यातला एक व्यापारी गावात खोली घेऊन राहिला होता. दोन सीझन लोकांचे पैसे वेळेवर दिलेले. बाग पाहिली, ३८ रुपये किलोने सौदा ठरला. गावात त्या दिवशी ३४-३५ चालू होते. तीन-चार रुपये जास्त मिळतायत म्हणून मी खूश, आणि तिथेच माझी पहिली चूक. कागद केला नाही. इसार म्हणून ५०,००० रोख घेतले आणि कामगार बागेत घुसले.

पहिली गाडी गेली, पैसे आले. दुसरी गेली, निम्मे आले. तिसरी आणि चौथी एकाच दिवशी भरल्या, कारण पावसाचं वातावरण होतं आणि मणी तडकण्याची भीती होती. त्याचा चेक दिला, ४,१०,००० चा. चेक परत आला. व्यापारी म्हणाला, "दादा, पार्टीचं पेमेंट अडकलंय, आठ दिवसांनी परत टाका." परत टाकला, परत आला. मग मी टाकलाच नाही. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला आठ दिवस. चेकची मुदत तीन महिन्यांची असते, ती निघून गेली. एके दिवशी त्याची खोली रिकामी.

पण मला जे रात्री झोपू देत नाही ते वेगळंच आहे. चेक पहिल्यांदा परत आला तेव्हा मी कुणाला बोललो नाही. भाऊबंदकीत हसं होईल, सोयाबीनवाला म्हणेल मोठा द्राक्षवाला झाला होता, असं वाटलं. त्या दोन महिन्यांत त्याच व्यापाऱ्याने शेजारच्या गावात आणखी तीन बागा उचलल्या. त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मी चावडीवर बोललो असतो तर त्या तीन बागा वाचल्या असत्या. माझे चार लाख गेले ते गेले, पण त्या तीन बागांचा हिशोब मला अजून जमत नाही.

२०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी व्यापाऱ्यांकडे अडकलेले शेतकऱ्यांचे पैसे काढून देण्याची मोहीम घेतली, तेव्हा पुष्कळ शेतकरी पहिल्यांदाच पुढे आले. किती जण गप्प बसले होते ते तेव्हा दिसलं. आता आमच्या गावात गाडी भरायच्या आधी सौद्याची पावती होते, व्यापाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत आणि त्याच्या मूळ गावचा पत्ता घेतला जातो. दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण खळ्यावरून गाडी हलायच्या आधी पैसे.

वकील_सीबीएस

निफाडचा_बागायतदार, वाचून फार वाईट वाटलं. बाकीच्यांसाठी चेकचं वेळापत्रक लिहिते, कारण इथे लोक मुदतीतच हरतात. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्याने दिले नाहीत तर त्यापुढे एक महिन्यात, चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. चेकच्या तीन महिन्यांच्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आला तर नोटिशीची मुदत नव्याने मिळते. व्यापारी "परत टाका" म्हणाला म्हणून हक्क जात नाही, वाट पाहत बसल्याने जातो. आणि चेकचा मार्ग बंद झाला तरी फसवणुकीची पोलीस तक्रार आणि वसुलीचा दिवाणी दावा हे मार्ग वेगळे असतात. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तुमच्या तारखा पाहायला हव्यात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जाता जाता माझ्या घरातलं. वडिलांनी २०१६ मध्ये स्कूटर ओळखीच्या मुलाला १२,००० ला विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि आरटीओत तोच जमा करेल असं धरून चालले. त्याने कधीच केले नाहीत, पुढे तिसऱ्याला विकली. आधी चलनं येत राहिली, मग अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, मधे कितीही हात बदलले असले तरी. गाडीला विमा नव्हता. वडिलांच्या डोळ्यांतली भीती मी विसरत नाही. गाडी विकली की आरटीओच्या नोंदीत नाव बदललेलं स्वतः पाहा, तोवर विषय संपला असं समजू नका.

देवळालीकर

छोटासा. रात्री १२.३५ ची गाडी, नाशिकरोडहून. तिकिटावर १२ तारीख. आम्ही सहा जण १२ ला रात्री जेवून, डबे बांधून स्टेशनवर. गाडी आदल्याच रात्री गेली होती, कारण बाराच्या पुढे तारीख बदलते. तिकिटांचे ७,८०० गेले, परतावा काही नाही. तिथून खासगी बसने दुप्पट पैसे देऊन गेलो. सासरे पहिल्यांदा काशीला निघाले होते, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मध्यरात्रीनंतरची गाडी असेल तर आता मी कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहितो.

इंदिरानगर_काका

मेडिक्लेमचं लिहितो, कारण हे मला पंधरा वर्षं हप्ते भरूनही माहीत नव्हतं.

पॉलिसी तीन लाखांची. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,०००. सौ.च्या ऑपरेशनच्या वेळी ३,००० ची खोली रिकामी नव्हती, ६,००० ची होती. मी हिशोब केला, पाच दिवस, रोज ३,००० जास्त, आपल्या खिशातून १५,००० जातील. जाऊ देत, तिला निवांत झोप लागेल. सही केली.

बिल २,१०,००० झालं. त्यात खोली ३०,०००, औषधं आणि तपासण्या ७०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,१०,०००. मी निम्म्या दराच्या खोलीला पात्र होतो, म्हणून विमा कंपनीने खोलीचे निम्मे आणि त्या १,१०,००० चेही निम्मेच दिले. औषधं-तपासण्या पूर्ण दिल्या. म्हणजे मिळाले ७०,००० + १५,००० + ५५,०००, एकूण १,४०,०००. माझे गेले ७०,०००. खोली वरची घेतली की डॉक्टरांची फी वगैरेही त्या प्रमाणात कापतात, याला प्रमाणशीर कपात म्हणतात आणि पॉलिसीच्या कागदात ते लिहिलेलं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी ५५,००० जादा कुठून आणायचे म्हणून मी जिन्यात बसलो होतो. मेव्हण्याने दिले. आज घरी जाऊन आपली पॉलिसी उघडा, 'खोलीभाडे' हा शब्द शोधा. मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण मुदत संपताना बदलून घेण्यासारखी आहे.

कॉलेजरोड_००७

काका, आत्ता वडिलांची पॉलिसी काढून पाहिली. एक टक्का मर्यादा आहे. नूतनीकरण डिसेंबरात. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

येवल्याची_लेक

पैशापेक्षा जास्त गेलेली गोष्ट. आजीची पैठणी आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून, एकाच घडीत बारा वर्षं ठेवली होती. जपणूक म्हणूनच. माझ्या साखरपुड्याला उघडली तर जर काळवंडलेली आणि घडीवर रेशीम चिरलेलं. माहेरच्या गल्लीतल्या विणकर काकांनी सांगितलं, मलमलच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळायची, गोळ्या साडीला टेकू द्यायच्या नाहीत, दर तीन-चार महिन्यांनी उघडून घडीची जागा बदलायची, सावलीत वारा द्यायचा. रफूला ६,००० लागले आणि पदराचा एक मोर तरी गेलाच. आईला मी काही बोलले नाही, ती स्वतःच रडली.

जेलरोडची_आई

अपडेट. वकीलताई, तुम्ही सांगितलं तसं त्याच रात्री मिस्टरांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बँकेत आले. यूटीआर घालून नवा अर्ज दिला, पोच घेतली, एनपीसीआयकडेही नोंद केली. एकोणिसाव्या दिवशी त्या खातेदाराचा फोन आला. भाजीची हातगाडी लावतात, दुसऱ्या जिल्ह्यात. मेसेज मुलीने पाहिला होता, त्यांना वाचता येत नाही आणि अनोळखी नंबरचे फोन ते भीतीने उचलत नव्हते. १०,००० लगेच पाठवले. ५,००० घरात खर्च झाले होते, ते दोन महिन्यांत देतो म्हणाले. मी 'हो' म्हटलं. मिस्टरांनीही.

म्हसरूळची_सून

खूप बरं वाटलं, ताई.

मोठ्या दिरांना काल हा धागा वाचायला दिला. वाचून झाल्यावर ते आत गेले, कपाटातून एक पाकीट आणलं. त्यात त्यांच्या गॅरेजचं बिल होतं, ६७,२०० चं. चार वर्षं घडी घालून ठेवलेलं. मोठ्या जाऊबाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

सासूबाईंचं दर्शन राहिलं होतं, म्हणून रविवारी सगळे मिळून गडावर जाऊन आलो. पंपावर मी खाली उतरले, "डिझेल" म्हणाले आणि नोझल टाकीत जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.